तेरा वर्षे भाड्याने राहिल्यानंतर: लातूरच्या एका अपार्टमेंटचा अनुभव

लातूरच्या औसा रोड भागातील एका अपार्टमेंटमध्ये आम्ही जून २०११ पासून मे २०२४ पर्यंत भाड्याने राहिलो. इमारतीचे नाव देत नाही, कारण तिथे अजूनही आमच्या जिव्हाळ्याची माणसे राहतात आणि ज्यांनी आपला फ्लॅट विकायला काढला आहे त्यांचे नुकसान करण्याचा माझा हेतू नाही. परंतु एकाच घरात तेरा वर्षे काढणारे भाडेकरू लातुरात फार नसतात. ही इमारत चांगली असतानाही मी पाहिली आणि तिची कळा जात गेली तेही जिना चढता-उतरता रोज पाहिले. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की मुलांच्या अकरावी-बारावीसाठी जागा शोधत जी कुटुंबे या शहरात येतात, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इमारत २००४ साली बांधलेली आहे. दोन विंग, खाली पार्किंग, वर चार मजले आणि एकूण ३२ फ्लॅट. आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये होतो. सुरुवातीला भाडे साडेचार हजार, सोडताना आठ हजार, डिपॉझिट वीस हजार. आम्ही आलो तेव्हा ३२ पैकी वीस-बावीस घरांत स्वतः मालक राहत होते. जिना रोज झाडला जायचा, आठवड्यातून एकदा धुतला जायचा, लिफ्ट चालू होती आणि महिन्याचा जमाखर्च तळमजल्यावरच्या फळ्यावर दर पाच तारखेला लागायचा. सोसायटीचे सचिव निवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. फळ्यावरचा तो हिशेब त्यांच्याच वळणदार अक्षरात असे आणि त्यात झाडूचे साठ रुपयेसुद्धा लिहिलेले असत.

या इमारतीचे सर्वात चांगले दिवस कोणते, असे मला कोणी विचारले तर मी २०१६ चा उन्हाळा सांगेन, आणि लातूरकरांना ते ऐकून आश्चर्य वाटेल. मांजरा धरण कोरडे पडले होते, पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागू झाली होती आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्टेशनात आली होती. आमचा बोअर त्याआधी फेब्रुवारीतच आटला होता. टँकर आला की पाणी हौदात सोडले जाई. पण ते मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे नाही, असे गुरुजींनी बैठक घेऊन ठरवले, कारण नळ उघडा राहिला की कोणाच्या घरात किती गेले हे कळत नाही. त्यांनी एक बांबू आणला, त्यावर खिळ्याने वीतभर अंतरावर खुणा केल्या आणि रोज सकाळी साडेसहाला हौदात तो उभा करून, ओला भाग कुठपर्यंत आला ते पाहून, माणशी किती घागरी हे ते जाहीर करत. फ्लॅटमागे नव्हे, माणशी. एकट्या राहणाऱ्या घरमालकाला दोन घागरी मिळाल्या आणि सात माणसांच्या भाडेकरूच्या घराला चौदा, तरी एकानेही तक्रार केली नाही. मीटरच्या खोलीत सुतळीने बांधलेली वही होती, तीत प्रत्येकाने सही करायची. मालक आणि भाडेकरू असा भेद त्या चार महिन्यांत मला एकदाही जाणवला नाही.

गुरुजी २०१७ मध्ये मुलाकडे पुण्याला गेले. त्यांच्या मागोमाग दोन-तीन वर्षांत आणखी बारा-चौदा मालकांनी घर सोडले. कोणी मुलांजवळ गेले, कोणी बार्शी रोडकडे स्वतःचे घर बांधले. रिकाम्या झालेल्या फ्लॅटना गिऱ्हाईक शोधावे लागले नाही. लातूरच्या शिकवण्यांसाठी नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, सोलापूर अशा सगळीकडून मुले येतात आणि कॉट बेसिसवर, म्हणजे दर खाटेमागे वेगळे भाडे घेऊन, फ्लॅट दिला तर एका कुटुंबाच्या भाड्याच्या दुप्पट पैसे सहज मिळतात. २०२२ पर्यंत आमच्या इमारतीतले अकरा फ्लॅट असे कॉटवर गेले होते, पंधरा फ्लॅटमध्ये आमच्यासारखी भाडेकरू कुटुंबे होती आणि मालक राहत असलेली घरे उरली सहा.

त्या मुलांविषयी मला आधी सांगितले पाहिजे. त्यांना दोष देणे सोपे आहे आणि आमच्या इमारतीत ते सर्रास होत असे. पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत पुस्तकात मान घालून बसणारी सोळा-सतरा वर्षांची ती मुले होती; आईच्या हातच्या जेवणाला मुकलेली, तापाने फणफणली तरी घरी न कळवणारी. एका मुलाला डेंग्यू झाला तेव्हा त्याचे वडील हिंगोलीहून येईपर्यंत दवाखान्यात आम्ही बसलो होतो. दोन वर्षांसाठी आलेल्या मुलाने जिन्याच्या दुरुस्तीची काळजी वाहावी ही अपेक्षाच चुकीची आहे. काळजी ज्यांनी वाहायची ते पुण्यात, हैदराबादला होते, आणि जे इथे राहून रोज त्रास सोसत होते त्यांना बैठकीत बसण्याचाही अधिकार नव्हता. सोसायटीत मत सभासदाचे, भाडेकरूचे नव्हे. कायदा तसा आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ३२ पैकी सहा घरांतच मत देणारी माणसे राहत असतील तर त्या इमारतीचे काय होते ते मी जवळून पाहिले आहे, आणि माझ्या मते तिच्या ऱ्हासाचे मूळ कारण हेच आहे. वीस वर्षे हे सिमेंटच्या इमारतीचे म्हातारपण नव्हे.

पैशाचा हिशेब असा होता. मेंटेनन्स ८०० रुपये ठरलेला, म्हणजे महिन्याला २५,६०० जमा व्हायला हवेत. प्रत्यक्षात नियमित भरणारी घरे चौदा, म्हणजे ११,२००. त्यातले नऊ हजार वॉचमनमामांचा पगार. उरलेल्या बावीसशे रुपयांत जिन्यातले दिवे, मोटारीचे बिल आणि झाडलोट बसणे शक्यच नव्हते. बाहेरगावच्या मालकांना फोन केला की ते म्हणत, भाडेकरूकडून घ्या. भाडेकरू म्हणत, आमच्या भाड्यात मेंटेनन्स धरलेला आहे. मग समितीने भाडेकरू ठेवणाऱ्या फ्लॅटवर महिना हजार रुपये जादा आकार लावण्याचा ठराव केला. तो टिकला नाही आणि टिकणारही नव्हता, कारण मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा बिनभोगवटा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा राज्य शासनाचा २००१ पासूनचा आदेश आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे मेंटेनन्स भरला नव्हता त्यांनीच तो आदेश शोधून समितीला पाठवला. थकबाकीवर व्याज लावून रीतसर वसुली करण्याचा मार्ग सोसायटीला मोकळा होता. पण त्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात खेटे घालायला माणूस लागतो, आणि असा माणूस गुरुजींनंतर पुढे आला नाही.

लिफ्टविषयी थोडक्यात सांगते. २०१९ मध्ये देखभालीचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही. पुढे दोन वर्षे ती अधूनमधून चालत असे, एकदा माझ्या सासूबाई दोन मजल्यांच्या मध्ये चाळीस मिनिटे अडकल्या, आणि त्या दिवसापासून आम्ही तिच्यात पाय ठेवला नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्याचा अर्थ असा झाला की त्या महिनोन्महिने खाली उतरल्याच नाहीत.

पाण्याचे प्रकरण मात्र विस्ताराने सांगण्यासारखे आहे. शहरी पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. घरटी चार माणसे धरली तर ३२ घरांना सुमारे सतरा हजार लिटर लागते, आणि आमचा हौद वीस हजारांचा होता. म्हणजे बांधणाऱ्याने हिशेब बरोबर केला होता. अकरा फ्लॅटमध्ये सात-सात मुले राहू लागल्यावर तीच गरज साडेएकवीस हजारांच्या पुढे गेली. जितके पाणी वर जाते जवळजवळ तितकेच सांडपाणी होऊन खाली येते, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. आमच्या इमारतीचे सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जाते. गुरुजी दर दोन वर्षांनी गाडी बोलावून तो उपसून घेत. २०१७ नंतर तो बहुधा एकदाच उपसला गेला. २०२१ च्या पावसाळ्यात पार्किंगमधल्या चेंबरचे झाकण उचलले जाऊन पाणी बाहेर वाहू लागले. बोअर तिथून वीस-पंचवीस फुटांवर. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते.

ऑगस्टमध्ये आमच्या घरातल्या नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. भांडी घासून पालथी घातली तरी तो जात नसे. मी काचेच्या बाटलीत नमुना घेऊन सरकारी प्रयोगशाळेत दिला. पिण्यास अयोग्य, असा अहवाल आला. त्याच्या ३२ प्रती काढून मी प्रत्येक दाराच्या फटीतून आत सरकवल्या. एका मालकाचा मला पुण्याहून फोन आला. "ताई, तुम्ही भाडेकरू आहात, तुम्हाला नाही पटत तर दुसरी जागा बघा की, उगं सगळ्या बिल्डिंगची बदनामी कशाला करता?" असे ते म्हणाले. त्यांच्याच फ्लॅटमध्ये तेव्हा सात मुले ते पाणी पीत होती. टँक शेवटी आम्ही भाडेकरूंनी आणि मुलांच्या पालकांनी वर्गणी काढून उपसून घेतला, हौद धुऊन त्यात क्लोरीन टाकले आणि पिण्यासाठी जार सुरू केले. ती रक्कम आम्हाला आजवर परत मिळालेली नाही.

जागा सोडण्याचा निर्णय मात्र पाण्यामुळे झाला नाही, तो पार्किंगमधल्या एका खांबामुळे झाला. त्या खांबाशेजारी माझी स्कूटी उभी असे. २०२२ मध्ये त्याच्या तळाशी केसाएवढी उभी भेग दिसली. वर्षभरात तीत पाच रुपयांचे नाणे उभे राहू लागले, आणि २०२३ च्या दिवाळीआधी एका सकाळी स्कूटीच्या सीटवर काँक्रीटचा तळहाताएवढा पोपडा पडलेला होता. खांबाच्या आत चार सळया दिसत होत्या. बोट लावले तर गंजाचे तांबूस पापुद्रे हाताला आले. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती वर्षानुवर्षे त्या खांबातून झिरपत होती. सळईला ओल लागली की ती गंजते, गंजताना फुगते आणि भोवतालचे काँक्रीट आतून फोडते.

माझे माहेर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, मी नववीत होते. किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगड-मातीच्या भिंती आणि वरचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, यांखाली झोपेतच माणसे गेली. त्यानंतर आमच्याकडे सिमेंट आणि सळईच्या घरावर लोकांचा विश्वास बसला, तो सळईवरचा विश्वास होता. ती सळई बोटाने सोलली जाते हे पाहून मी त्या दिवशी कामावर गेले नाही. समितीला लेखी पत्र दिले: इमारत पंधरा वर्षांची झाल्यावर दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) करावे असे सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, आहे, ते २०१९ पासून राहिले आहे, कृपया करून घ्या. अभियंता आला आणि पार्किंगमधल्या सात खांबांना मजबुतीकरण हवे असे सांगून गेला. खर्च साडेचार लाख, म्हणजे घरटी चौदा हजारांच्या आसपास. जी मालक मंडळी एका फ्लॅटमधून महिन्याला सोळा हजार घेत होती त्यांनी ही रक्कम जास्त ठरवली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

आमच्या घरमालकांशी आमचे संबंध चांगले होते. तेरा वर्षांत त्यांनी भाडे बेताने वाढवले, सणाला फोन केला. म्हणून बेडरूमच्या ओल्या भिंतीचे काम ते दरवर्षी पुढे ढकलत राहिले तरी मी जोर धरला नाही, ही माझी चूक झाली. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात अशी तरतूद आहे की मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करावी आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च भाड्यातून कापून घ्यावा. मी वकिलांना विचारले तेव्हा त्यांनी आमचा करार पाहिला. तो अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, तोही फक्त नोटरी केलेला. अशा कराराने राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू ठरत नाही, परवानाधारक ठरतो, आणि त्या तरतुदीच्या भरवशावर पैसे कापू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याच कायद्यानुसार करार नोंदणीकृत करणे ही मालकाची जबाबदारी आहे, हेही मला तेव्हाच कळले. लातुरात जागा घेणाऱ्यांनी करार नोंदवून घ्यावा, आणि सही करण्याआधी इमारतीच्या हौदाचे झाकण उघडून आत पाहावे, पार्किंगमधले खांब खालपासून वरपर्यंत बघावेत आणि कोणत्या घरात मालक राहतात ते वॉचमनला विचारावे. मेंटेनन्सची थकबाकी किती, हे तो आपणहून सांगतो. त्याचा पगार त्यावरच अवलंबून असतो.

मे २०२४ मध्ये आम्ही सामान हलवले. ओली भिंत रंगवण्यासाठी म्हणून घरमालकांनी डिपॉझिटमधून सहा हजार कापले. मी त्या भिंतीचे २०१८ पासूनचे फोटो आणि त्यांना पाठवलेले संदेश तारखेनिशी दाखवल्यावर त्यांनी तीन हजार लगेच आणि तीन हजार दिवाळीनंतर परत केले. मीटर बंद करून घ्यायला शेवटचे खाली गेले तेव्हा मीटरच्या खोलीत कोपऱ्यात गुरुजींचा तो बांबू अजून उभा होता. खिळ्याच्या खुणा दिसत होत्या. वॉचमनमामा म्हणाले, "लागला तर असू द्या, ताई." मी तो तिथेच ठेवला.