एका बाळासाठी फोडलेली बाटली : आमच्या उपकेंद्रातलं लसीकरण

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीजवळच्या उपकेंद्रात गेल्या बुधवारी नातीला एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेलाचा, पहिला डोस दिला. पाऊस एवढा की त्या डोसाला आमची एकटीच पोर. बाटली पाच बाळांची. आता पुढच्या बुधवारी बोलावणार, असंच मला वाटलं. दुसऱ्या एका ठिकाणी पुतणीला दोनदा तसं परत पाठवलं होतं. पण सिस्टर म्हणाल्या, "मावशी, एक बाळ असलं तरी बाटली फोडायची."

आधी त्यांनी बाटलीच्या झाकणावरची खूण दाखवली. आतला चौकोन भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिका, म्हणजे लस उन्हातापाने बिघडलेली नाही. द्रावण मिसळल्यावर बाटलीवर वेळ लिहिली, १०.४०. चार तासांनी उरलेली फेकायची. उजव्या दंडाला, कातडीखाली सुई. नंतर अर्धा तास थांबवून ठेवलं. बाकडं एकच, तेवढी गैरसोय.

सुई घेताना पोर माझ्या धाकट्या भावाच्या मांडीवर होती. तो १९७४ चा. आईला दुसरा महिना असताना अंगावर पुरळ उठलं, तीन दिवसांत गेलं, कोणी मनावर घेतलं नाही. भाऊ जन्मला तो दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन, आणि ऐकूही येत नव्हतं. आज तो हापूसच्या पेट्या भरतो, बोटांनी चाचपून फळाचा पाक ओळखतो. ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांनी आईला गरोदरपणी झालेला रुबेला आणि बाळाचा मोतीबिंदू यांचा संबंध १९४१ सालीच दाखवला होता. महाराष्ट्रात एमआरची मोहीम आली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. याचं मला अजून वाईट वाटतं.

धाकट्या सुनेला तिसरा महिना आहे. "मलाही द्या," म्हणाली. सिस्टरनी नाही म्हटलं आणि कारणही नीट सांगितलं: लशीतला विषाणू दुबळा केलेला, पण जिवंत असतो, म्हणून गरोदरपणी देत नाहीत, बाळंत झाल्यावर घे. चुकून कोणी घेतलीच, तर त्या भीतीने गर्भ पाडायचा नसतो, हेही सांगितलं. एवढं समजावून सांगणारं माणूस मला आधी भेटलं नव्हतं.

कोविशील्ड या कोविडच्या लशीतला वाहक विषाणू, म्हणजे लशीचा ऐवज पेशींत पोचवणारा विषाणू, शरीरात वाढू शकत नाही. रुबेलाची अशी लस तयार झाली आणि गरोदर बायकांत, प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांत तपासून सुरक्षित ठरली, तर आज नाही म्हणावं लागतं त्यांनाही देता येईल. त्यावर काम व्हायला हवं, मनापासून वाटतं. तोवर लग्नाच्या मुलींनी आधीच घ्यावी. घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत.

दुसरा डोस पोर सोळा महिन्यांची झाल्यावर. आम्ही इथेच येणार.