सही १९५६ची, शिक्का मात्र पिनकोडचा

नागपुरातल्या एका निवृत्त शिक्षकांनी अशोक विजयादशमीच्या आठवड्यात ३८,००० रुपये मोजून बाबासाहेबांची सही असलेलं एक पुस्तक घेतलं. पुस्तक खरंच जुनं आहे, बांधणीही मूळची आहे. सही खोटी आहे. व्यवहार व्हॉट्सअपवर ठरला आणि पुस्तक सीताबर्डीवर, म्हणजे बर्डीवर, एका चहाच्या दुकानात हातात पडलं. दीक्षाभूमीवर लागणाऱ्या पुस्तकांच्या स्टॉलशी याचा काहीही संबंध नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

विकणाऱ्याने सांगितलेली हकीकत अशी: बाबासाहेब दीक्षेसाठी आले तेव्हा बर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले होते, तिथे आजोबांनी सही घेतली, पुढे पुस्तक वाचनालयाला दिलं आणि वाचनालय बंद पडल्यावर ते घरी परत आलं. हॉटेलचा तपशील खरा आहे, दीक्षेची १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीखही खरी. फसवणारा नेमकं हेच करतो. इतिहासातल्या खऱ्या गोष्टी सांगतो, आपण त्या पडताळतो, त्या बरोबर निघतात आणि तेवढ्यावर सहीवरही विश्वास बसतो. शिवाय बाबासाहेबांचं अक्षर घरात येणार म्हटल्यावर भिंग कोण काढणार? त्या श्रद्धेचाच इथे गैरफायदा घेतला गेला, याची चीड येते.

आता पान बघू. मुखपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या पानावर जांभळा गोल शिक्का आहे. त्यात वाचनालयाचं नाव आणि खाली ‘नागपूर ४४००१२, महाराष्ट्र’. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. आणि दीक्षेच्या दिवशी नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ला ते मुंबई राज्यात आलं, महाराष्ट्र झाला १ मे १९६०ला. पण एवढ्यावरून सही खोटी ठरत नाही, कारण वाचनालय शिक्का नंतरही मारू शकतं. बघायचं ते हे, की दोन शाया एकमेकींना छेदतात तिथे वर कोण आहे. सहीच्या शेवटच्या अक्षराची शेपटी शिक्क्याच्या कडेवरून गेली आहे. इतवारीतल्या सराफांकडे असतं तसं १० पटीचं भिंग घेऊन, टॉर्च बाजूने आडवा धरून पाहिलं, तर निळी रेघ शिक्क्यावर आल्याबरोबर तुटक होते आणि पुढे कोऱ्या कागदावर पुन्हा सलग चालते. या शिक्क्याची शाई तेलकट आहे, तिच्यावर फाउंटन पेनची पाण्याची शाई नीट धरत नाही. सही आधीची असती तर रेघ सलग राहिली असती आणि जांभळा थर तिच्यावर दिसला असता. म्हणजे सही १९७२नंतरची. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६चं.

त्याच भिंगाखाली आणखी दोन गोष्टी दिसतात. शाई फुटलेली आहे, रेघेच्या दोन्ही कडांना बारीक केस फुटल्यासारखे. कागद शाई पिऊ नये म्हणून कारखान्यात त्याला खळ देतात. साठ-सत्तर वर्षांत ती खळ मरते आणि अशा कागदावर आज लिहिलं की शाई पसरते. कागद नवा असताना केलेल्या सहीच्या कडा सहसा स्वच्छ असतात.

दुसरी गोष्ट थरथरीची. ‘तब्येत बरी नव्हती, म्हणून हात कापलाय’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, आणि शेवटच्या काळात बाबासाहेबांची प्रकृती खालावली होती हे खरंच. पण आजारी माणसाचा हात कापला तरी पेन पुढे जात राहतं. थरथर कमीजास्त असते, सहीचा वेग टिकतो. गिरवणारा थांबत थांबत जातो. जिथे थांबतो तिथे शाईचा ठिपका साचतो, आणि रेघेची सुरुवात-शेवट निमुळते न होता बोथट राहतात. इथे एका सहीत असे सहा ठिपके आहेत. बाबासाहेबांच्या छापील सहीचा त्याच मापाचा ट्रेसिंग पेपर वर ठेवला तर ती तंतोतंत बसते. लोकांना हाच पुरावा वाटतो. खरं तर कुणाच्याही दोन सह्या अशा हुबेहूब जुळत नाहीत; जुळल्या तर एक दुसरीवरून गिरवलेली असते.

नोटा तपासायच्या अल्ट्राव्हायोलेट टॉर्चवर मात्र भिस्त ठेवू नका. कागद निळा-पांढरा चमकला तर तो साधारण १९५०नंतरचा, इतकंच कळतं. न चमकणारं जुनं कोरं पान रद्दीत हवं तेवढं मिळतं. थुंकी किंवा ओलं बोट लावून शाई तपासण्याची सवय तर सोडाच, खरी सही त्याने कायमची जाते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाची सही केलेली प्रत कुणी दाखवली, तर भिंगही काढू नका: बाबासाहेबांचा तो ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला.

किमतीचं थोडक्यात. नुसती सही सगळ्यात स्वस्त आणि नक्कल करायला सगळ्यात सोपी. ओळखता येईल अशा व्यक्तीच्या नावाने चार शब्द आणि तारीख असेल तर किंमत चढते, आणि मजकूर महत्त्वाचा असलेलं स्वहस्ताक्षरातलं पत्र सगळ्यांच्या वर. लॅमिनेशन केलं किंवा चिकटपट्टी लावली की खऱ्या वस्तूचीही किंमत पडते. होलोग्राम लावलेलं सर्टिफिकेट देणाऱ्याच्या लायकीएवढंच. इथे ते विकणाऱ्यानेच छापलेलं होतं.

पैसे देण्याआधी पानाच्या दोन्ही बाजूंचं ६०० डीपीआय स्कॅन मागा आणि परतीची मुदत लेखी घ्या. बिलावर काय लिहिलंय तेही वाचा. या शिक्षकांच्या पावतीवर ‘एक जुने पुस्तक, जसे आहे तसे’ एवढंच आहे, सहीचा उल्लेखच नाही. पोलिसांत अर्ज दिलाय, पण व्हॉट्सअपवरचे मेसेज त्यांनी जपून ठेवले नसते तर हातात काहीच राहिलं नसतं.

पुस्तकाचंही वाटोळं झालं. सही नसती तर या जुन्या प्रतीला संग्राहकांकडे मान होता, आता तोही गेला. मागच्या आतल्या पानावर पेन्सिलीने ‘समोरील सही बनावट’ असं लिहून ठेवलं आहे, म्हणजे उद्या कुणाच्या हाती ती गेली तरी पुन्हा सहीची प्रत म्हणून विकली जाऊ नये.