चार फुटी ‘प्लांटेड पॅकेज’ डिस्कससाठी कितपत चालतं?

नाशिकमध्ये पहिला प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत वनस्पती लावलेली माशांची टाकी, घ्यायला दुकानात गेलं की हमखास चार फुटी पॅकेज पुढे येतं. काच, स्टँड, झाकण, एलईडी, फिल्टर, खडी, एकदोन लाकडं, वनस्पतींच्या जुड्या आणि पैसे थोडे वाढवले तर वनस्पतींसाठी छोटा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर. माणूस घरी येऊन एका दिवसात सगळं मांडून देतो. टेट्रा, गप्पी, बार्ब ठेवायचे असतील तर हा सौदा चांगला आहे. डिस्कस, म्हणजे ताटलीसारखे गोल, चपटे, उष्ण पाण्यात राहणारे मासे, ठेवायचे असतील तर यातला निम्मा माल बदलून घ्यावा लागतो, कारण दिसणाऱ्या वस्तूंवर पैसा जास्त लागलेला असतो आणि माशाला जगवणाऱ्या वस्तूंवर कमी.

टाकी आणि स्टँड घ्यायला हरकत नाही, फक्त माप स्वतः सांगा: ४८ × १८ × २४ इंच. पॅकेजमध्ये बऱ्याचदा १८ इंच उंचीची टाकी असते. खडी आणि वरची मोकळी जागा गेली की १४-१५ इंच पाणी उरतं, आणि पूर्ण वाढलेल्या ६ इंची माशाला ते तोकडं पडतं. २४ इंच उंचीला १२ मिमी काच मागा. टाकीची क्षमता साधारण ३४० लिटर होते. खडी, लाकूड आणि वरची जागा वजा जाता हाती २८० लिटर पाणी राहतं. औषध असो वा क्लोरीन काढायचं द्रावण, मात्रा या २८० वरच काढायची. पाणी, काच, खडी, स्टँड मिळून वजन साडेचारशे किलोच्या आसपास जातं. म्हणून टाकी भिंतीलगत, शक्य तर बीमच्या वर ठेवा, खाली १२ मिमी थर्माकोल घाला आणि भरण्याआधी चारही कोपरे लेव्हलला आहेत का ते बघा. एक कोपरा खाली राहिला की सगळा ताण एकाच जोडावर येतो आणि काही महिन्यांनी तिथून पाझर सुरू होतो.

खडी तपासून घ्या. पांढरी संगमरवरी चिप दिसायला छान असते, पण ती हळूहळू विरघळते आणि पाण्याचा जडपणा व पीएच वाढवत राहते. मूठभर खडीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर परत करा. क्रशरची काळी खडी पाण्यात काही सोडत नाही, पण तिच्या कडा धारदार असतात आणि तळ उकरणाऱ्या कोरीडोरास माशाच्या मिशा त्याने झिजतात. गोल कडांची २ ते ३ मिमीची खडी, २ इंच थर, म्हणजे साधारण ४० ते ४५ किलो. मुळांशी खताच्या गोळ्या पुरा, दर सहा इंचांवर एक, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. अ‍ॅक्वासॉइल (टाकीत घालायची पोषक माती) वनस्पतींसाठी उत्तमच, पण ती पहिले तीन-चार आठवडे माशांना विषारी असा अमोनिया सोडते. पहिल्या टाकीला साधी खडीच बरी.

वनस्पतींच्या जुड्यांत दुकानदार बहुधा गालिचा करणारी बारीक पानं आणि लाल देठाच्या जाती देतात. फोटोत त्या सुंदर दिसतात. डिस्कसला पाणी २८ ते ३० अंश लागतं आणि त्या उष्णतेत यातल्या बऱ्याच जाती महिनाभरात सडतात. त्यांच्याऐवजी अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, अनुबियास, क्रिप्टोकोरीन वेंडटी, व्हॅलिसनेरिया आणि हायग्रोफिला मागा. अनुबियासचा आडवा कंद खडीत गाडू नका, लाकडाला दोऱ्याने बांधा. गाडला की कुजतो. क्रिप्टोकोरीनची पानं पहिल्या पंधरवड्यात वितळतात. ती उपटू नका, मुळं जिवंत असतात आणि नवी पानं फुटतात. ग्लुटराल्डिहाइड असलेलं ‘लिक्विड कार्बन’ घालू नका, त्याने व्हॅलिसनेरिया विरघळते. एलईडी रोज ७ तास टायमरवर पुरेसा. त्याहून जास्त ठेवला तर शेवाळ माजतं आणि डिस्कस लाकडामागे दडून बसतात.

सीओटू सिलिंडर नाकारा. वर दिलेल्या वनस्पती त्याच्याशिवाय वाढतात, आणि खरं कारण प्राणवायूचं आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २९ अंशांना पावणेआठ. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचीवर असल्याने तो आणखी थोडा घटतो. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात. अशा पाण्यात सीओटूची सुई, म्हणजे वायू कमी-जास्त करणारी झडप, जराशी जास्त उघडी राहिली तर पहाटे मासे वर येऊन धापा टाकताना दिसतात. ते पैसे फिल्टरमध्ये घाला.

फिल्टर हा पॅकेजचा सर्वांत कच्चा दुवा. वरचा ट्रे फिल्टर किंवा आतला पॉवर फिल्टर गाळ पकडतो, पण माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू वसण्याइतकी जागा त्यात नसते. डिस्कस प्रथिनं भरपूर खातात आणि तितकीच घाणही करतात. ताशी १२०० ते १४०० लिटर क्षमतेचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, घ्या. डब्यावरचा आकडा रिकाम्या पंपाचा असतो. मीडिया (आतले स्पंज आणि रिंगा) भरला आणि स्पंज चोंदला की प्रवाह बराच कमी होतो. पाणी आधी जाड स्पंजातून, मग बारीक स्पंजातून आणि शेवटी सिरॅमिक रिंगांतून जायला हवं. शोषनळीच्या तोंडावर वेगळा स्पंज बसवा आणि तो दर आठवड्याला टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. रिंगा नळाखाली धुतल्या तर क्लोरीनने जीवाणू मरतात आणि दोन दिवसांत अमोनिया वर येतो. पाणी परत सोडणारी नळी पृष्ठभाग हलता राहील अशी लावा.

दुरुस्तीसाठी तीन-चार तास वीज गेली तर बंद कॅनिस्टरमधलं पाणी प्राणवायूविना सडू लागतं. वीज आली की तो तसाच चालू करू नका. डब्यातलं पाणी आधी ओतून टाका. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे.

हीटर पॅकेजमध्ये नसतो, किंवा एकच ३०० वॅटचा असतो. एकाऐवजी २०० वॅटचे दोन घ्या आणि टाकीच्या दोन टोकांना लावा. हीटर बिघडतो तो दोन तऱ्हांनी. बंद पडला तर दुसरा निदान पाणी एकदम गार होऊ देत नाही. चालू राहून अडकला तर २०० वॅट ३४० लिटरच्या टाकीला हळू तापवतात आणि तुमच्या लक्षात येईपर्यंत मासे वाचतात. त्यावर बाहेरचा थर्मोस्टॅट कंट्रोलर जोडा, हीटर २९ ला आणि कंट्रोलर ३० ला तोडेल असा. निफाडला पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा नाशिक शहरातली रात्रही १० च्या खाली जाते, आणि झाकण नसलेली टाकी रात्रभर वाफेवाटे उष्णता घालवते. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. हीटर बंद असूनही पाणी ३१-३२ वर जातं. तेव्हा झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा.

पाण्याबद्दल दुकानात फारसं कुणी बोलत नाही. महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, काही भागांना दारणा आणि मुकणेचं. नदीतून न पकडता टाकीत पैदास केलेल्या डिस्कसला असं धरणाचं पाणी चालतं. आरओची सक्ती नाही. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर मात्र जडपणा मोजा, आणि १५ डीजीएचच्या (जडपणा मोजायचं एकक) वर असेल तर निम्मं आरओ मिसळा. पीएच नळाचं पाणी २४ तास हवा सोडून ठेवल्यावर मोजायचा. ६ ते ७.५ मध्ये असेल तर त्याला हात लावू नका. ‘पीएच डाऊन’ घातलं की तो पडतो, दोन दिवसांनी पुन्हा चढतो, आणि हा झोका माशाला स्थिर साडेसातपेक्षा वाईट.

दर आठवड्याला दोनदा ४० टक्के, म्हणजे ११० लिटर पाणी बदलायचं. क्लोरीन काढणाऱ्या सीकेम प्राइमची मात्रा २०० लिटरला ५ मिली आहे. बदलायच्या पाण्यात ड्रममध्ये आधी मिसळलं तर ३ मिली पुरतं, नळी थेट टाकीत सोडणार असाल तर पूर्ण २८० लिटरच्या हिशोबाने ७ मिली लागतं. हिवाळ्यात नळाचं पाणी २० अंश आणि गिझरचं ५५ धरलं तर २९ साठी ११० लिटरमध्ये सुमारे २८ लिटर गिझरचं लागतं. २५ लिटरचा गिझर एका दमात तेवढं देत नाही, म्हणून २०० लिटरचा ड्रम, त्यात जुना हीटर आणि एअरस्टोन, हीच सोय खरी.

‘आज टाकी, उद्या मासे’ हा पॅकेजमधला सर्वांत महाग शब्द. जीवाणू तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. त्यांचं खाद्य म्हणून प्रयोगशाळेच्या दर्जाचा अमोनियम क्लोराइड आणा. हा नवसागरच, पण कल्हईवाला वापरतो तो शुद्ध असेलच असं नाही. २८० लिटरला पावणेदोन ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतो. पट्ट्यांऐवजी थेंबांच्या किटने मोजा; बहुतेक पट्ट्या अमोनिया दाखवतच नाहीत. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्य आणि जीवाणू त्यापासून आधी बनवतात ते विषारी नायट्राइटही शून्य, असं सलग दोन-तीनदा झालं की टाकी तयार. मग नायट्राइटपासून शेवटी बनून साचलेलं नायट्रेट काढण्यासाठी ७० ते ८० टक्के पाणी एकदम बदला.

पॅकेजसोबत फुकट मिळणारा ‘टँक क्लीनर’ सकर मासा घेऊ नका. तो रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून चिकट थर खातो आणि तिथे जखमा होतात. त्याऐवजी कार्डिनल टेट्रा आणि कोरीडोरास स्टर्बाय. दोघांनाही उष्ण पाणी मानवतं. एंजल मासे नकोत.

डिस्कस पाच-सहा एकत्र घ्या, ४ इंचांच्या वरचे. दोन इंची पिल्लं स्वस्त मिळतात, पण त्यांना दिवसातून चार-पाच वेळा खायला आणि रोज पाणी बदल हवा. खडी-वनस्पतींच्या टाकीत ते निभत नाही आणि मासे खुरटतात. खुरटलेला मासा ओळखायला सोपा: अंग लांबट आणि डोळा अंगाच्या मानाने मोठा. दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा. जो कोपऱ्यात काळवंडून उभा आहे, किंवा ज्याची विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबते आहे, तो घेऊ नका; पांढरी विष्ठा बहुधा आतड्यातल्या परजीवींची खूण असते. घरी आणल्यावर मासे चार ते सहा आठवडे वेगळ्या, तळाला काहीच नसलेल्या टाकीत ठेवा. तिथला स्पंज फिल्टर मुख्य टाकी तयार होत असतानाच, पहिल्या दिवसापासून तिच्या एका कोपऱ्यात चालू ठेवा, म्हणजे मासे येतील तेव्हा तोही जीवाणूंनी भरलेला असेल.