एका 'ता.'साठी मोल्सवर्थ

मुलुंडमधल्या जागेचे खरेदीखत उघडले की दिसते, 'मौजे मुलुंड, ता. कुर्ला, जि. मुंबई उपनगर'. सहीशेजारच्या 'ता.'चा अर्थ तारीख. पत्राच्या शेवटी 'ता. क.' आले की तोच 'ता' ताजा होतो. या तिघांचा छडा लावायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आजही आधी उघडावा असा आहे. 1857 ची, मुंबईतच छापलेली दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. वापरायची रीत मात्र माहीत हवी.

'ता.' टाकून काही हाती लागणार नाही. आधी फोड करा आणि तारीख, तालुका, ताजा असे पूर्ण शब्द देवनागरीत टाका. नोंदीत शब्दापुढे छोटे एम, एफ, एन दिसतात, ते लिंग. छोटा ए म्हणजे विशेषण. कंसातला मोठा ए मात्र अरबी, पी फारसी आणि एस संस्कृत. 'ताजा' हे फारसी विशेषण, म्हणजे तिथे छोटा ए आणि कंसात पी. घाईत वाचणारा त्याला अरबी ठरवून मोकळा होतो.

तारीख आणि तालुका हे दोन्ही अरबी. तालुक्याच्या मुळाशी 'संबंध असणे, जोडलेले असणे' हा अर्थ आहे. तो कळला की मुलुंड कुर्ल्याखाली का लिहितात ते उमगते: गाव कुठल्या कचेरीला जोडले आहे, एवढेच 'ता.' सांगतो. उपनगर जिल्ह्यात असे तीनच तालुके, अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. मुंबई शहर जिल्ह्यात तालुका नाहीच, त्यामुळे गिरगाव-दादरच्या पत्त्यात 'ता.' लिहिणे चूक. 'मु. पो. ता. जि.' सलग तपासून पाहा. मुक्काम, तालुका, जिल्हा अरबी, पोस्ट इंग्रजी. रोजच्या मराठी पत्त्यातले चारही संक्षेप बाहेरून आलेले!

'ता. क.'मधला कलमही अरबी. लेखणी, झाडाचे कलम, कायद्याचे कलम, सगळे त्यातच.

खरी अडचण शुद्धलेखनाची. 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मोल्सवर्थमध्ये ते सगळे आहेत. 'नाव' शोधलात तर होडी मिळेल, माणसाचे नाव हवे असेल तर 'नांव' टाका. क्रियापदे 'करणें', 'बोलणें' अशी शोधा. शब्द सापडला नाही तर तो कोशात नाही असे म्हणण्याआधी अनुस्वार देऊन पाहा, मग ऱ्हस्व-दीर्घ बदलून.

व्युत्पत्तीत हा कोश तोकडा पडतो. बऱ्याच ठिकाणी भाषेची खूण देऊन थांबतो, मूळ रूप सांगत नाही. त्यासाठी कृ. पां. कुलकर्णींचा 1946 चा व्युत्पत्तिकोश जवळ हवा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही शिकागोच्या त्याच संकेतस्थळावर आहे आणि त्यात जुन्या ग्रंथांतली उदाहरणे मिळतात. 'ता.'ऐवजी 'दि.' लिहायची रीत नंतरची. 'दिनांक' हा सावरकरांनी रुळवलेला शब्द.

छापील प्रत हवी असेल तर शुभदा-सारस्वतचे 1975 चे पुनर्मुद्रण जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारा. पडद्यावर शोधलेला शब्द तेवढाच दिसतो. पानावर त्याच्या वरखालचे दहा शब्दही नजरेखालून जातात.