वेबसाइटसाठी 'क्वालिटी कंटेंट' विकत घेतलं आणि साइटच हातातून गेली

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, दीडशेच्या आसपास कलमं, निम्मी आजोबांनी लावलेली आणि निम्मी बाबांनी. लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं थेट फोन करून पेट्या मागायला लागली तेव्हा २०२१ मध्ये मित्राकडून एक साधी वेबसाइट करून घेतली होती. चार फोटो, भाव, फोन नंबर, बस. सीझनला त्यावरून पन्नास-साठ पेट्या जायच्या आणि आमचं बरं चाललं होतं. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की ज्यांची अशीच घरगुती छोटी साइट आहे, मग होमस्टे असो, काजू असो नाहीतर मसाले, त्यांनाच असे फोन येतात आणि त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

मागच्या दिवाळीनंतर फोन आला. मोहोराची फवारणी चालू होती, मी बागेतच होतो. समोरचा माणूस एकदम गोड बोलणारा, दादा दादा करत. म्हणाला तुमची साइट छान आहे पण त्यावर कंटेंटच नाही, गूगल अशा साइटला वर आणत नाही, आम्ही क्वालिटी कंटेंट लिहून देतो आणि तीन महिन्यात पहिल्या पानाची गॅरंटी. वर्षाला ६० लेख, प्रत्येक हजार शब्दांचा, ४५,००० रुपये, त्यातले ३०,००० आधी. एक सॅम्पल लेख पाठवला, तो खरंच चांगला होता, आणि मी त्यावरच भुललो. तो त्यांनी लिहिलेलाच नव्हता हे खूप नंतर कळलं, त्यातलं एक वाक्य अवतरणचिन्हात टाकून गूगल केलं तर मूळ लेख दुसऱ्याच साइटवर निघाला. हे काम एका मिनिटाचं आहे, ते मी पैसे द्यायच्या आधी करायला हवं होतं.

आणि गॅरंटीचं म्हणाल तर गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीही देऊ शकत नाही. तेही मी नंतरच वाचलं.

पैसे यूपीआयने पाठवताना समोर कंपनीचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. मी विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे. बिल मागितलं तर पुढच्या आठवड्यात देतो. ते बिल आजपर्यंत आलेलं नाही.

मग सांगितलं की तुमचं होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते ते, स्लो आहे, साइट आमच्या सर्व्हरवर घेऊ म्हणजे स्पीड वाढेल, त्यासाठी डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याचा, ट्रान्सफर कोड लागेल. मला वाटलं सर्व्हर बदलायला लागत असेल, मी मेलवर आलेला कोड जसाच्या तसा व्हॉट्सअॅपवर पाठवला. लोकहो, तो कोड म्हणजे बागेचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर करून दिल्यासारखं आहे. होस्टिंग बदलायला डोमेन ट्रान्सफर करावं लागत नाही, नुसती सेटिंग बदलून भागतं. डोमेन ज्याच्या खात्यात, साइट त्याच्या ताब्यात, मग नाव आणि फोटो कुणाचे का असेनात.

जानेवारीत एक रिपोर्ट आला, रंगीत ग्राफ, ट्रॅफिक चढलेलं. सोबत पहिल्या नंबरचा स्क्रीनशॉट. नीट बघितलं तर सर्च केलेले शब्द होते आमच्या बागेचं नाव आणि पुढे हापूस. आता आमच्या बागेच्या नावाने दुसरा कोण येणार? आम्ही आधीपासूनच तिथे पहिले होतो. ट्रॅफिकचं पण तसंच, मित्राने अॅनालिटिक्स उघडून दाखवलं तर बहुतेक भेटी परदेशातल्या आणि थांबलेला वेळ एक-दोन सेकंद. ज्याला पेटी घ्यायचीय तो निदान भाव तरी वाचतो ना. तरीही मी गप्प बसलो कारण सीझन तोंडावर आला होता आणि ३०,००० अडकले होते.

फेब्रुवारीत एका आठवड्यात त्यांनी चाळीस लेख चढवले. मी एकही वाचला नाही, ही माझी सगळ्यात मोठी चूक. पुण्याच्या एक काकू आहेत, पाच वर्षं आमच्याकडूनच पेटी घेतात, त्यांचा फोन आला. म्हणाल्या, अरे तुमच्या साइटवर लिहिलंय की कार्बाइडची पावडर ठेवली की आंबा २४ तासात पिकतो, तुम्ही पावडर वापरता का? मला काय बोलावं सुचेना. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, आणि आमच्या घरात पेंढ्याच्या आढीशिवाय कधी आंबा पिकवलेला नाही.

त्या रात्री मी सगळे लेख वाचून काढले. आंबा हे 'दगडी फळ' आहे असं लिहिलेलं, इंग्रजीतला शब्द मशीनने तसाच उलटवलेला. साक्याबद्दल (आंबा आतून पांढरा, स्पंजसारखा होतो तो दोष, इंग्रजीत स्पंजी टिश्यू) एक परिच्छेद होता त्यात साका हा शब्दच नाही, 'स्पंजी कागद' असं काहीतरी. हापूस महाराष्ट्रात कुठेही तसाच होतो म्हणे, खरं तर २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाचं मानांकन, मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. एकच मजकूर शब्द इकडे तिकडे करून सात लेखांत. बाबांना एक वाचून दाखवला तर ते एवढंच म्हणाले, "ह्या कोणी लिवल्यान? तेका आंबो म्हायत तरी आसा काय?" आणि उठून गेले. पैसे गेल्याचं जेवढं लागलं नाही तेवढं ते लागलं.

इथे एक गोष्ट सांगतो, मशीनची मदत घेऊन लिहिणं हाच गुन्हा आहे असं गूगल म्हणत नाही. पण मार्च २०२४ पासून त्यांचा नियम आहे की नुसतं रँकिंगसाठी ढिगाने निरुपयोगी मजकूर टाकला, मग तो माणसाने लिहिलेला असो की मशीनने, तर तो स्पॅम धरला जातो आणि साइट खाली जाते नाहीतर सर्चमधून काढलीही जाते. आमच्याबरोबर तेच झालं, मार्चमध्ये सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकासाठी गूगलचं जे पान असतं तिथे, मॅन्युअल अॅक्शनची, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची, नोटीस दिसली. म्हणजे आधी जे पन्नास-साठ पेट्यांचं गिऱ्हाईक येत होतं तेही बंद. ते सर्च कन्सोल फुकट असतं, नोटीस थेट तिथे येते, ते आपल्या स्वतःच्या मेलवर चालू करून ठेवा, एजन्सीच्या रिपोर्टवर अवलंबून राहू नका.

मी लेख काढायला सांगितले. त्यांनी उरलेले १५,००० मागितले. मी म्हटलं डोमेन परत द्या मग बोलू. त्यानंतर फोन उचलणं बंद, व्हॉट्सअॅपवर ब्लॉक.

आणि एप्रिलमध्ये, ऐन सीझनला, साइटवरचा आमचा फोन नंबर बदलला गेला. डोंबिवलीच्या एका गिऱ्हाइकाने त्या नंबरवर दोन पेट्यांचे अॅडव्हान्स ३,००० भरले आणि आंबा आला नाही म्हणून माझा जुना नंबर शोधून मला फोन केला. त्यांना मी आमच्याकडून एक पेटी पाठवली, त्यांचा काय दोष. त्यांनी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली, मीही सायबर क्राइमच्या पोर्टलवर केली. पैसे गेल्याबरोबर लगेच १९३० ला फोन केला तर रक्कम पुढे जायच्या आधी थांबवता येऊ शकते, आमच्याकडून तर महिने निघून गेले होते. माझ्या ३०,००० बद्दल पोलीस स्टेशनला सांगितलं की हा तुमचा आपसातला व्यवहार दिसतो, करार दाखवा. करार कुठे होता, सगळं फोनवरच. निदान व्हॉट्सअॅप चॅट आणि यूपीआयच्या पावत्या मी डिलीट केल्या नव्हत्या म्हणून तक्रारीत काहीतरी जोडता आलं.

आता नवीन डोमेन घेतलंय, माझ्या नावावर, माझ्या मेलवर, माझ्या कार्डने, पासवर्ड कुणाकडे नाही. लेख आम्हीच लिहितो. संध्याकाळी बाबा आढीजवळ बसतात आणि मी फोनवर रेकॉर्ड करतो. आंबा चौदा आणे (म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झाला की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढायचा, देठ तुटला तर चीक सालीवर उतरून डाग पडतो. साका बाहेरून ओळखता येत नाही, पण झाडाखाली सुकं गवत पसरलं तर जमिनीची धग कमी लागते आणि साका कमी होतो. असं ते बोलतात ते मी तसंच टाइप करतो, फक्त मालवणीचं थोडं सोपं करून. आत्तापर्यंत पाचच लेख झालेत. पण पुण्याच्या त्या काकूंनी साक्याचा लेख वाचून फोन केला आणि बाबांशी अर्धा तास बोलल्या.

जुनी साइट अजून चालू आहे. मी रिपोर्ट केलंय, ओळखीच्यांनाही करायला सांगितलंय. तिच्यावर अजून बाबांचा फोटो आहे, आढीतून आंबा उचलताना काढलेला, आणि खाली नंबर दुसऱ्याचा.