हेडिंग्लेची दुसरी बाजू: लीड्समध्ये रग्बी लीगचे तिकीट काढावे का?

लीड्समधील हेडिंग्ले हे नाव आपल्याकडे क्रिकेटमुळे परिचित आहे. यॉर्कशायरने १९९२ मध्ये आपला पहिला परदेशी खेळाडू म्हणून सचिन तेंडुलकरची निवड केली, त्या क्लबचे हे घरचे मैदान. या मैदानाच्या एका टोकाला जो मोठा स्टँड आहे, त्याला दोन तोंडे आहेत: एका बाजूच्या खुर्च्यांवरून क्रिकेट दिसते, तर पाठीमागच्या बाजूच्या खुर्च्यांवरून लीड्स ऱ्हायनोज या संघाचे रग्बी लीग. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंडच्या उत्तर भागात राहणाऱ्या आणि रग्बीचा सामना प्रथमच पाहू इच्छिणाऱ्या मराठी प्रेक्षकाने रग्बीच्या दोन वेगळ्या प्रकारांपैकी (प्रत्येकी तेरा खेळाडूंची लीग आणि पंधरा खेळाडूंची युनियन) आधी लीगचे तिकीट काढावे की युनियनचे, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: आधी लीग, आणि तेही येथेच.

पहिले कारण खेळाच्या रचनेत आहे. लीगमध्ये चेंडू बाळगणाऱ्या संघाला सहा टॅकल (म्हणजे चेंडूवाल्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याने पकडून अडवणे) मिळतात आणि षटकातील चेंडूंप्रमाणे ते मोजत राहिले की सामन्याची लय आपोआप उलगडते. पाचव्या टॅकलनंतर संघ सहसा चेंडू पायाने पुढे मारतो, कारण सहाव्यांदा अडवले गेल्यास तो प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करावा लागतो. पकडला गेलेला खेळाडू उठून चेंडू टाचेने मागे सरकवतो आणि खेळ लगेच पुढे सुरू होतो. युनियनमध्ये मात्र टॅकलनंतर जमिनीवरील चेंडूसाठी दोन्ही संघ झुंजतात. तेथे पंचाने शिटी का वाजवली, हे नवख्या प्रेक्षकाला दुरून समजणे अवघड असते. शिवाय युनियनमध्ये पेनल्टीच्या, म्हणजे नियमभंगानंतर चेंडू खांबांमधून मारण्याच्या संधीच्या, गोलला तीन गुण मिळतात, लीगमध्ये दोनच. त्यामुळे लीगचा संघ गोलच्या खांबांकडे पाहण्याऐवजी ट्रायच्या (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याच्या) मागे अधिक धावतो.

दुसरे कारण या जागेच्या इतिहासात आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळाडूंची शनिवारची मजुरी बुडत असे. तिची भरपाई म्हणून दिवसाला सहा शिलिंग द्यावेत, ही उत्तरेकडील क्लबांची मागणी रग्बीच्या लंडनस्थित धुरीणांनी फेटाळली. त्यानंतर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये २२ क्लबांची वेगळी संघटना, म्हणजेच पुढची रग्बी लीग, उभी राहिली आणि त्यांत लीड्सही होते. १९०६ मध्ये खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आली आणि नियमही वेगळे होत गेले. लीगचे पैसे स्वीकारणाऱ्या खेळाडूला युनियनची दारे बंद होत, हा अन्याय जवळपास शतकभर चालला. १९९५ मध्ये युनियननेच व्यावसायिकता मान्य केली, तेव्हा तो संपला. हेडिंग्लेच्या उभ्याने पाहण्याच्या पायऱ्यांवर आजही जो आपलेपणा जाणवतो, दोन्ही संघांचे समर्थक शेजारी-शेजारी उभे राहून जे मोकळेपणाने बोलतात, त्याची मुळे या कामगार वस्त्यांच्या खेळात आहेत, असे माझे मत आहे.

युनियनच्या चाहत्यांचा एक आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. लीगमधील स्क्रम (दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटारेटी करतात तो प्रकार) आता केवळ नावापुरता उरला आहे. चेंडूसाठी त्यात खरी झुंज होत नाही, आणि लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू करणे) तर नाहीच. ज्याला बलाढ्य आणि जाडजूड खेळाडूंच्या डावपेचांत रस आहे, त्याला लीग एकसुरी वाटू शकेल. पण त्यावरून एका खेळाला श्रेष्ठ ठरवणे चुकीचे आहे. मे १९९६ मध्ये लीगचा विगन आणि युनियनचा बाथ या क्लबांनी एकमेकांच्या खेळात प्रत्येकी एक सामना खेळला. लीगच्या नियमांनी विगनने ८२-६ असा, तर ट्विकेनहॅम या लंडनमधील युनियनच्या मैदानावर युनियनच्या नियमांनी बाथने ४४-१९ असा विजय मिळवला. दोन्ही कौशल्ये किती निराळी आहेत, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

खेळाडूंनी हा सीमावाद चाहत्यांच्या आधीच मागे टाकला. लीड्समध्ये जन्मलेला जेसन रॉबिन्सन विगनकडून लीग खेळून युनियनमध्ये गेला आणि २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा एकमेव ट्राय त्याने केला. ऱ्हायनोजला कर्णधार म्हणून सात वेळा सुपर लीगचे (लीगच्या सर्वोच्च स्पर्धेचे) विजेतेपद मिळवून देणारे केविन सिनफील्ड पुढे इंग्लंडच्या युनियन संघाचे बचाव प्रशिक्षक झाले. स्नायूंवरील ताबा हळूहळू हिरावणाऱ्या मोटर न्यूरॉन आजाराने ग्रासलेले आपले सहकारी रॉब बरो यांना त्यांनी मे २०२३ मधील लीड्स मॅरेथॉनमध्ये चाकांच्या खुर्चीतून पुढे नेले आणि शेवटी उचलून घेऊन अंतिम रेषा पार केली. ती रेषा याच हेडिंग्लेवर होती. साडेपाच फुटांहूनही कमी उंचीचे बरो लीगमध्ये इतकी वर्षे चमकले, हे या खेळाच्या बाजूने मोठे प्रशस्तिपत्र आहे.

लीगचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपतो. थंडी-पावसाची सवय नसलेल्यांनी मे ते ऑगस्टमधील सामना निवडावा. बसून पाहायचे असल्यास क्रिकेटला पाठ असलेल्या स्टँडमध्ये वरच्या रांगेत जागा घ्यावी, कारण दोन्ही संघांच्या रांगांमधील अंतर आणि पाचव्या टॅकलआधीची हालचाल उंचीवरूनच नीट दिसते.