थेट भिंतीवर की प्लायवर? बडोद्यात मुलांचं भित्तिचित्र ठरवताना

सोसायटीच्या कंपाउंडची भिंत, मंडळाच्या हॉलची बाहेरची बाजू किंवा शाळेचं मागचं आवार. जागा मिळाली, मुलं तयार झाली, की पहिला प्रश्न येतो: चित्र थेट भिंतीवर काढायचं, की प्लायच्या तुकड्यांवर रंगवून ते भिंतीवर बसवायचे? मुलं किती, पैसे किती यावरून हे ठरवायला जातात आणि तिथेच गाडं अडतं. आधी भिंत तपासावी.

तळहात भिंतीवरून जोरात फिरवा. पांढरी पूड लागली तर खाली चुना किंवा जुनं डिस्टेंपर आहे. त्यावर कुठलाही रंग दिला तरी पहिल्या पावसात पोपडे धरतात. दुसरी परीक्षा ओलीची. जमिनीपासून फूटभर वर एक फूट बाय एक फूट प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून चोवीस तास ठेवा. आतून थेंब दिसले तर भिंत ओल सोडते आहे. लोणा (ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार) फुटलेला असेल तर परीक्षेचीही गरज नाही. नवं प्लास्टर असेल तर निदान 28 दिवस थांबावं, नाहीतर सिमेंटमधला क्षार रंग खातो आणि निळ्या-जांभळ्याचे फिकट डाग पडतात.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींचा मामला वेगळा. विटा आणि चुन्याच्या त्या भिंती ओल शोषतात आणि बाहेर टाकतात. त्यावर आजचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन (पाण्यात कालवायचा प्लास्टिक रंग) दिला की प्लास्टिकची कातडी बसल्यासारखं होतं. ओल आत कोंडते, फुगे येतात आणि फुगा फुटताना चुन्याचा थरही सोबत नेतो. अशा भिंतीवर थेट रंगवूच नये. तिथे फळ्याच, म्हणजे प्लायचे रंगवलेले तुकडे.

भिंत सिमेंटची, कोरडी आणि धडधाकट असेल, तर आम्ही थेट भिंतीच्या बाजूने आहोत. वीस फूट बाय आठ फूट, म्हणजे 160 चौरस फुटांचा हिशोब असा: एका हाताला, म्हणजे एका थराला, दोन लिटर एक्स्टीरियर प्रायमर, दोन हातांच्या पांढऱ्या बेसला साधारण तीन लिटर एक्स्टीरियर इमल्शन, आणि चित्रासाठी चार लिटर पांढरा व सहा रंगांचा प्रत्येकी एक लिटर. पांढऱ्यात स्टेनर (रंगछटेसाठीचा घट्ट द्रव रंग) घालून रंग बनवत असाल तर लिटरला 30-40 मिलीच्या वर जाऊ नका. जास्त झाला की रंग नीट वाळत नाही आणि हाताला लागत राहतो. खरवडणं, धुणं, दोन दिवस वाळवणं, भेगांत पुट्टी भरणं, प्रायमर, बेस यात मुलं यायच्या आधीचा आठवडा जातो. हा आठवडा वाचवायचा मोह होतो, आणि बहुतेक भित्तिचित्रं इथेच बिघडतात.

खरवडताना मुलं आसपासही नकोत. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या धुळीत शिसं असू शकतं. भिंत ओली करून, मास्क लावून मोठ्यांनीच खरवडावी आणि पडलेला चुरा झाडून न उडवता ओल्या फडक्याने गोळा करावा.

फळ्यांचा हिशोब वेगळा. तेवढ्याच क्षेत्रफळाला आठ बाय चारची पाच शीट लागतात. त्यांचे चार बाय दोनचे वीस तुकडे करून घ्या. प्लाय 12 मिमी, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही थर न सुटणारा), आयएस 710 मानकाचा. साध्या कमर्शियल प्लायचे थर एका पावसाळ्यात सुटतात. खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो. प्रायमर पुढून आणि मागून द्यायचा, म्हणजे तोही दुपटीहून जास्त. मागची बाजू कोरी ठेवली तर फळी धनुष्यासारखी वाकते, आणि पाणी शिरतं ते कडांतून, म्हणून कडांना दोन हात. बसवताना भिंतीवर एक इंची लाकडी पट्ट्या उभ्या मारा, 8 मिमीच्या प्लगमध्ये तीन इंची स्क्रूने. पट्ट्या आडव्या मारल्या तर त्यांच्यावर पाणी आणि कचरा साठतो. फळी पट्टीवर सव्वा इंची स्टेनलेस स्क्रूने बसवावी. साध्या स्क्रूचा गंज चित्रावर ओघळतो. दोन फळ्यांत 3 मिमी फट सोडा.

मुलांच्या बाजूने पाहिलं तर फरक मोठा आहे. सात वर्षांच्या मुलाचा हात साडेचार फुटांच्या वर नीट चालत नाही, आणि मुलांना शिडीवर चढवायचं नाही. म्हणजे आठ फुटी भिंतीचा वरचा जवळजवळ अर्धा भाग मोठ्यांचा. वीस फुटांत एका वेळी आठ-दहाच मुलं मावतात. त्याहून जास्त झाली की कोपर कोपराला लागतं आणि शेजारच्याचं चित्र पुसलं जातं. पाऊण तासाची एक तुकडी, पाच-सहा मुलांमागे एक मोठा माणूस. फळ्या मात्र ताडपत्रीवर आडव्या ठेवता येतात, ओघळ येत नाहीत, आणि सगळ्यात लहान मुलाचा हातही चित्राच्या सगळ्यात वरच्या टोकाला पोचतो. आठ वर्षांखालची मुलं जास्त असतील तर भिंत चांगली असूनही फळ्या घ्याव्यात, असं आमचं स्पष्ट मत.

फळ्यांची अडचण जोडावर कळते. एका फळीवरची नदी दुसरीवर दोन बोटं खाली जाते, आभाळाचा निळा दोन वाट्यांत दोन तऱ्हेचा होतो. यावर उपाय ठरलेला आहे. वीसही फळ्या जमिनीवर जुळवून मोठ्यांनी रेखांकन एकदम करावं, मागे क्रमांक आणि वरच्या दिशेचा बाण काढावा, आणि एकाहून जास्त फळ्यांवर येणारा प्रत्येक रंग एकाच बादलीत एकदाच कालवावा. वाटून देताना श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम: रुंद बूड, सांडत नाहीत, झाकण लागतं. डब्यात बोटभरच रंग घाला. ब्रश एक इंची चपटे.

हंगामाचं सोपं आहे. थेट भिंतीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शाळांच्या दिवाळीच्या सुट्टीत तयारी सुरू करून. थंडीत सकाळचं दव उडाल्यावर, नऊनंतर हात घालावा. मे महिन्यात तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशवरच सुकतो. पावसाळ्यात करायचं तर फळ्याच, आणि मराठी मंडळांना गणपतीचे दहा दिवस हॉलमध्ये यासाठी फार सोयीचे. फक्त दमट हवेत दोन हातांमध्ये दोनाऐवजी पाच-सहा तास सोडा.

टिकण्याबाबत अपेक्षा माफक हवी. कीर्ती मंदिरातली नंदलाल बोसांची 1939 ते 1946 मधली चित्रं किंवा तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली चित्रं छपराखाली आहेत. उघड्यावरच्या इमल्शनची चार-पाच वर्षं चांगली जातात. पश्चिमेकडची भिंत असेल तर भडक गुलाबी, फ्लोरोसंट टाळा, ते आधी उडतात. गेरूचा लाल आणि मातीचा पिवळा धरून राहतो. खालचा दीड फूट दोन्ही पद्धतींत चित्राविना, गडद रंगाचा ठेवा, कारण पावसाचे शिंतोडे तिथेच बसतात. विश्वामित्री नदीच्या काठच्या वस्त्यांत 2024 च्या ऑगस्टच्या पुराचं पाणी जिथवर आलं होतं ती रेघ बघून फळ्या तिच्या वर लावाव्यात. भाड्याची किंवा रीडेव्हलपमेंटला निघालेली इमारत असेल तर फळ्यांना पर्याय नाही. त्या काढून नेता येतात.

गच्चीवर करतात तसा चायना मोझॅक कुणीतरी सुचवेलच. टिकतो सगळ्यांत जास्त, पण फुटक्या टाइल्सच्या धारा मुलांच्या हातात देण्यासारख्या नाहीत. बारा वर्षांवरच्यांनाच, तेही हातमोजे घालून.

काहीही निवडलंत तरी भिंतीच्या मालकाची किंवा सोसायटीची परवानगी लेखी घ्या, आणि कालवलेल्या प्रत्येक रंगाचा पाव लिटर घट्ट झाकणाच्या बाटलीत, नाव आणि प्रमाण लिहून, सावलीत ठेवा. पुढच्या दिवाळीआधी डागडुजी करताना तोच निळा दुकानात परत मिळत नाही.